जड जेवणासोबत फळांचा रस घेतल्याने शरीरातला दाह कमी होतो का?

मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या दवाखान्यात एक जोडपं आलं. काका साठीचे, एसटीतून निवृत्त झालेले. दहा वर्षांपासून मधुमेह, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. औषधं वेळेवर, सकाळचं फिरणंही चालू. तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ७.१ वरून ८.४ वर गेली होती आणि ट्रायग्लिसराइड्स २९० झाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गोळ्या चुकल्या नव्हत्या. दिवाळीचा फराळही बेतानेच झाला होता. मग मी रोजच्या खाण्याची चौकशी सुरू केली, तेव्हा काकू म्हणाल्या, "मॅडम, पथ्य अगदी व्यवस्थित आहे. उलट आता तर सकाळ-संध्याकाळ मी यांना मोसंबीचा नाहीतर संत्र्याचा रस देते. रविवारी मटण असलं की जेवतानाच मोठा पेला भरून. रसाने तेलकटाचा दोष जातो ना! पुतण्याने मोबाइलवर पाठवलं होतं, अमेरिकेत संशोधन झालंय म्हणून."

काकूंनी सांगितलेलं संशोधन खरंच झालेलं आहे आणि ते चांगल्या नियतकालिकात छापूनही आलं आहे. तरीही काकांचं नुकसान होत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

जेवणानंतर दाह होतो म्हणजे काय?

दाह म्हटलं की आपल्याला छातीतली किंवा पोटातली जळजळ आठवते. इथे दाह हा शब्द इन्फ्लमेशन या अर्थाने वापरला आहे. पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. जंतूंशी लढण्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून आलेल्या असतात. हा दाह आपल्या रक्षणासाठीच असतो.

असाच, पण फार सौम्य दाह रक्तामार्फत सगळ्या शरीरात होऊ शकतो. त्याने ताप येत नाही, काही दुखत नाही. रक्ताच्या विशेष तपासण्यांमध्येच तो दिसतो. जड जेवणानंतरचे काही तास असा दाह वाढतो. जड जेवण म्हणजे ज्यात तेल, तूप, लोणी, साय भरपूर आहे आणि सोबत मैदा, बटाटा किंवा साखरही भरपूर आहे. पुरी-श्रीखंड, लोणी घातलेली पावभाजी, तर्रीदार मिसळ आणि पाव, बिर्याणीवर आइस्क्रीम ही आपली नेहमीची उदाहरणं.

अशा जेवणानंतर तीन गोष्टी घडतात.

१. पांढऱ्या पेशी चिडतात. साखर आणि चरबी एकदम मोठ्या प्रमाणात रक्तात आली की पांढऱ्या पेशी फ्री रॅडिकल्स नावाचे कण जास्त तयार करू लागतात. हे कण जंतू मारायला उपयोगी असतात. जंतू नसताना ते आपल्याच पेशींना त्रास देतात.

२. आतड्यातून एंडोटॉक्सिन रक्तात येतं. आपल्या आतड्यात असंख्य जंतू सुखाने राहत असतात. त्यांतल्या काहींच्या आवरणात एंडोटॉक्सिन हा पदार्थ असतो. चरबी शोषली जाताना त्याचा थोडा अंश तिच्यासोबत रक्तात शिरतो. पांढऱ्या पेशींवर टीएलआर-४ नावाचे ग्राहक असतात. दारावरच्या घंटीसारखंच त्यांचं काम. एंडोटॉक्सिनने ही घंटी वाजवली की पेशीला वाटतं, जंतू घरात शिरले. मग दाह वाढवणारी रसायनं बाहेर पडतात.

३. रक्तवाहिन्या नीट सैलावत नाहीत. निरोगी रक्तवाहिनी गरजेप्रमाणे रुंदावते. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात १९९७ साली दहा निरोगी माणसांना ५० ग्रॅम चरबी असलेला ९०० कॅलरींचा नाश्ता देऊन ही क्षमता मोजली गेली. पुढचे दोन ते चार तास ती जवळपास निम्म्यावर आली होती. तेवढ्याच कॅलरींचा, पण चरबी नसलेला नाश्ता दिला तेव्हा असं झालं नाही.

जेवणानंतर रक्तातली चरबी साधारण तीन-चार तासांनी सर्वांत जास्त असते आणि सहा ते आठ तासांत उतरते. लग्नातली एखादी पंगत निरोगी माणसाचं शरीर सहज पचवतं. अडचण रोजच्या सवयीची आहे. सकाळी वडे, दुपारी भरपेट जेवण, चहासोबत फरसाण आणि रात्री दहाला पुन्हा पोटभर. पहिली लाट ओसरण्याआधी दुसरी येते. मधुमेह आणि पोटाचा घेर वाढलेल्या लोकांत ती मुळातच मोठी असते आणि उशिरा उतरते. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचण्यात या सततच्या सौम्य दाहाचा वाटा असतो. शिवाय दाहामुळे इन्सुलिनच्या कामात अडथळा येतो, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणं आणखी कठीण होतं.

संत्र्याच्या रसाचा तो प्रयोग

न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात डॉ. परेश दंडोना यांचा गट अनेक वर्षं याच विषयावर काम करत आला आहे. २०१० साली त्यांचा एक प्रयोग 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन'मध्ये प्रसिद्ध झाला. काकूंच्या मोबाइलवर आलेला निरोप बहुधा त्यावरूनच तयार झालेला होता.

त्यात ३० निरोगी, सडपातळ माणसांचे दहा-दहांचे तीन गट केले. सगळ्यांना अमेरिकी पद्धतीचा ९०० कॅलरींचा नाश्ता दिला: अंडं आणि सॉसेज घातलेले मफिन सँडविच आणि बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्या. त्यासोबत एका गटाला साधं पाणी, दुसऱ्याला ३०० कॅलरींचं ग्लुकोजचं पाणी आणि तिसऱ्याला ३०० कॅलरींचा संत्र्याचा रस. मग पुढचे पाच तास ठरावीक वेळाने रक्त तपासलं.

पाणी आणि ग्लुकोज घेतलेल्या गटांत फ्री रॅडिकल्स, एंडोटॉक्सिन, टीएलआर-४ आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणणारी एसओसीएस-३ नावाची प्रथिनं, सगळंच वाढलं. संत्र्याचा रस घेतलेल्या गटात ही वाढ जवळजवळ थोपवली गेली. रसातही साखर होती, कॅलरी ग्लुकोजच्या पाण्याइतक्याच होत्या, तरीही परिणाम उलटा. म्हणूनच या प्रयोगाची एवढी चर्चा झाली.

त्याच वर्षी याच गटाने 'डायबेटिस केअर'मध्ये आणखी एक प्रयोग मांडला. त्यात जेवण नव्हतंच. लोकांना ३०० कॅलरींची साय, ग्लुकोज किंवा संत्र्याचा रस यांपैकी एकच गोष्ट दिली. सायीने आणि ग्लुकोजने दाह वाढला, त्यातही एंडोटॉक्सिन वाढलं ते फक्त सायीने. संत्र्याच्या रसाने यांतलं काहीच वाढलं नाही.

रसात असं काय असतं?

संत्र्या-मोसंबीच्या वर्गातल्या फळांत फ्लॅव्होनॉइड्स नावाचे पदार्थ असतात. त्यांतले हेस्परिडिन आणि नॅरिन्जेनिन हे महत्त्वाचे. प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींवर या वर्गातले पदार्थ घातले, तेव्हा फ्री रॅडिकल्स तयार होण्याचं प्रमाण उतरलं. नुसत्या क जीवनसत्त्वाने तसं झालं नाही. त्यामुळे 'रस नको असेल तर व्हिटॅमिन सीची गोळी घेतो' हा हिशेब इथे बसत नाही.

हेस्परिडिन सर्वांत जास्त असतं ते सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात आणि फोडींवरच्या पातळ पापुद्र्यात. आपण रस काढताना नेमकं हेच गाळणीत टाकून देतो. फोडी पापुद्र्यासकट चावून खाल्ल्या तर ते पोटात जातं आणि सोबत तंतूही मिळतात.

मग रस प्यायला हरकत काय?

मोबाइलवरच्या निरोपात प्रयोगाचा निष्कर्ष असतो, त्याच्या मर्यादा गाळलेल्या असतात. त्या अशा:

प्रयोग निरोगी लोकांवर होता. सडपातळ, मधुमेह नसलेली, तरुण माणसं. त्यांचं इन्सुलिन उत्तम काम करतं. दहा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसात तोच रस तसाच वागेल, असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

एकच जेवण, पाच तास. महिनोन् महिने रोज रस घेतल्यावर वजन, साखर, यकृतातली चरबी यांचं काय होतं, हे पाहण्यासाठी तो प्रयोग नव्हताच.

मोजले गेले ते रक्तातले घटक. रस पिणाऱ्यांना हार्ट अटॅक कमी येतात असं त्यात दिसलेलं नाही, कारण तसं काही मोजलंच नव्हतं. रक्तातला एक आकडा सुधारणं आणि आजार टळणं यांत बरंच अंतर असतं.

रसाचं प्रमाण मोठं होतं. ३०० कॅलरींचा संत्र्याचा रस म्हणजे साधारण ६५० ते ७०० मिली, जवळपास तीन पेले. ९०० कॅलरींच्या नाश्त्यावर आणखी ३०० कॅलरी. 'दोष जावा' म्हणून घेतलेल्या रसाने त्या जेवणाचा आकडा १२०० वर नेला. दाह थोपला, तरी कॅलरी कुठेच गेल्या नाहीत.

फळ संत्रं होतं. आंबा, द्राक्ष, कलिंगड, चिकू किंवा अननसाच्या रसाला हा निष्कर्ष लावता येत नाही. प्रत्येक फळातले पदार्थ वेगळे असतात. आपलं नागपुरी संत्रंसुद्धा अमेरिकेतल्या रसाच्या संत्र्यापेक्षा वेगळ्या जातीचं आहे; हेस्परिडिन दोघांतही असतं, इतकंच म्हणता येईल.

रसातल्या साखरेचा हिशेब

साखर न घालता काढलेल्या संत्र्याच्या रसात दर १०० मिलीमागे साधारण ८ ते १० ग्रॅम नैसर्गिक साखर असते. २५० मिलीच्या पेल्यात झाली २० ते २५ ग्रॅम, म्हणजे जवळपास पाच चमचे. तेवढ्याच कोल्ड्रिंकमध्ये साखर थोडीच जास्त असते.

'पण ही तर फळाची साखर' असं अनेक जण म्हणतात. फळ अख्खं असताना साखर त्याच्या पेशींत आणि तंतूंत अडकलेली असते. चावायला वेळ लागतो, पोट भरल्यासारखं वाटतं, साखर हळूहळू रक्तात येते. रस काढला की साखर मोकळी होते आणि दोन मिनिटांत पोटात उतरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरली आहे. अशा मोकळ्या साखरेचं प्रमाण रोजच्या कॅलरींच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवावं, असं त्यांचं २०१५ चं मार्गदर्शन सांगतं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर ५ टक्के म्हणजे फक्त २५ ग्रॅम. एका पेल्यात दिवसाचा कोटा संपला. चहातली साखर त्यानंतर.

या साखरेत बराच भाग फ्रुक्टोजचा असतो. फ्रुक्टोजचं बहुतेक काम यकृतात होतं. गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी बनवतं आणि ट्रायग्लिसराइड्स वाढू शकतात. काकांचा रिपोर्ट आठवा.

पॅकबंद रसाबद्दलही एक गोष्ट. घट्ट केलेल्या रसात पाणी घालून बनवलेल्या पेयावर '१०० टक्के फळांचा रस' असं लिहू नये, असा आदेश भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, जून २०२४ मध्ये दिला. डब्यावर पुढे काय छापलंय त्यापेक्षा मागच्या बाजूचा तक्ता वाचा. वरून घातलेली साखर किती, ते तिथे लिहिलेलं असतं.

फळ की रस?

२०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १,८७,००० हून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांची अनेक वर्षांची माहिती मांडली. ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद अशी फळं अख्खी खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण कमी होतं. फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत ते जास्त होतं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण वर सांगितलेल्या साखरेच्या हिशेबाशी हे जुळतं.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रयोग. बफेलोच्याच गटाने २००९ साली दोन नाश्त्यांची तुलना केली. दोन्ही सुमारे ९०० कॅलरींचे. एक तोच चरबी आणि मैद्याचा. दुसरा तंतू आणि फळं भरपूर असलेला. पहिल्याने एंडोटॉक्सिन आणि दाह वाढला, दुसऱ्याने वाढला नाही. कॅलरी सारख्या, ताट वेगळं.

जड जेवणावर उतारा शोधण्याऐवजी ताटातलेच पदार्थ बदलले, तर लाट मुळात उठतच नाही. रसाच्या प्रयोगाची बातमी सगळीकडे पोचली, ताटाच्या प्रयोगाची फारशी पोचली नाही.

रस घेताना कोणी विशेष काळजी घ्यावी?

- मधुमेह असलेल्यांनी रोजचा रस टाळावा. अपवाद एकच: साखर ७० च्या खाली गेली, घाम, थरथर, गरगरणं सुरू झालं, तर १२० ते १५० मिली गोड रस लगेच द्यावा आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर अशा वेळी ग्लुकोज पावडर द्यावी, कारण या गोळ्यांमुळे इतर साखर पचायला उशीर लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.
- किडनीचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय रस किंवा शहाळ्याचं पाणी घेऊ नये. २५० मिली संत्र्याच्या रसात साधारण ४५० ते ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी ते बाहेर टाकू शकली नाही तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, हे लक्षात ठेवा.
- कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांनी, विशेषतः अटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन, ग्रेपफ्रूट टाळावं. त्याने गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. गणपतीच्या दिवसांत मिळणारं पपनस हे त्याचंच जवळचं भावंड आहे. तेही खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. साध्या संत्र्या-मोसंबीने या गोळ्यांच्या बाबतीत असा त्रास होत नाही.
- ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडीन घेणाऱ्यांनी गोळी पाण्यासोबतच घ्यावी. संत्रं, सफरचंद यांच्या रसासोबत ती कमी शोषली जाते.
- युरिक ॲसिड वाढलेल्यांना आणि आंबट ढेकरांचा त्रास असलेल्यांना रसाने त्रास वाढू शकतो.
- दोन वर्षांखालील मुलांना रस देऊ नका. फळ कुस्करून द्या.

जड जेवणाच्या दिवशी काय करावं?

सण, लग्न, पाहुणे हे सगळं असणारच. मी माझ्या रुग्णांना 'अजिबात खाऊ नका' असं सांगत नाही, कारण ते कुणी पाळत नाही आणि मग लपवून खाल्लं जातं. त्याऐवजी एवढं करा:

१. सुरुवात कोशिंबीर आणि भाजीने करा. काकडी, गाजर, मुळा, पालेभाजी, उसळ आधी पोटात गेली की पुढचं आपोआप कमी होतं.

२. चरबी आणि मैदा-साखर यांची जोडी तोडा. मटण खायचं असेल तर त्यासोबत ज्वारीची भाकरी घ्या. पुरी, नान आणि नंतरचं गोड सोडा. श्रीखंड हवं असेल तर वाटी लहान घ्या आणि पुरीऐवजी पोळी.

३. तवंग बाजूला करा. रस्सा आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवला तर वर गोठलेली चरबी चमच्याने सहज काढता येते.

४. प्यायला पाणी किंवा लोण्याशिवायचं पातळ ताक. रक्तदाब असेल तर ताकात मीठ नको.

५. जेवणानंतर संत्रं किंवा मोसंबी फोडी करून खा. एक फळ पुरे. मधुमेह असेल तर ते गोड पदार्थाच्या जागी घ्या, त्याच्या जोडीला नको.

६. दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाला. जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते. हृदयविकार असलेल्यांनी भरल्या पोटी घाईने चालू नये, जिने चढू नयेत.

७. पुढचं जेवण हलकं ठेवा. दुपारी पंगत झाली तर रात्री मुगाची खिचडी किंवा नुसतं वरण आणि भाजी. एक लाट उतरायला वेळ द्या.

आणि एक धोक्याची सूचना. जड जेवणानंतर छातीवर दाबल्यासारखं वाटलं, जबडा, खांदा किंवा हात दुखू लागला, दरदरून घाम आला, दम लागला, तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून रस, सोडा किंवा ओवा घेत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. मधुमेहात छातीत दुखल्याशिवायही हार्ट अटॅक येऊ शकतो. नुसता घाम आणि अस्वस्थपणाही गांभीर्याने घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी निरोगी आहे. कधीतरी जेवणासोबत संत्र्याचा रस घेतला तर चालेल?
हो. लहान पेला, साधारण १५० मिली, वरून साखर न घालता, न गाळता. मात्र तो घेतला म्हणून जेवणात दोन पुऱ्या वाढवू नका.

आमरस दाह कमी करतो का?
संत्र्याच्या रसाचा निष्कर्ष आमरसाला लागू होत नाही. आमरस हे गोड पक्वान्न समजा. आंब्याच्या दिवसांत फोडी खाणं बरं.

लिंबूपाणी घेतलं तर?
लिंबाचा रस इतका थोडा असतो की त्याच्याकडून तशा परिणामाची अपेक्षा ठेवू नये. पण साखर न घालता घेतलेलं लिंबूपाणी हे कोल्ड्रिंकपेक्षा केव्हाही चांगलं.

हेस्परिडिनच्या गोळ्या घ्याव्यात का?
जेवणाचा परिणाम टाळण्यासाठी नाही. त्या गोळ्या इतर कारणांसाठी दिल्या जातात, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

शेवटी काकूंविषयी

हे सगळं सोप्या शब्दांत सांगितल्यावर काकू गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, मीच यांची साखर वाढवली?" रोज पहाटे उठून हाताने रस काढणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकणं मला जड गेलं. मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्ही काळजीपोटी केलं. चूक तुमची नाही, अर्धवट माहितीची आहे. आता तीच मोसंबी सोलून द्या. कष्टही कमी होतील."

रस बंद झाला. रविवारचं मटण चालू राहिलं, पण भाकरीसोबत आणि तवंग काढून. एका गोळीचं प्रमाण मी वाढवलं. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.४ आली, ट्रायग्लिसराइड्स २०० च्या खाली उतरले. यात गोळीचा वाटा किती आणि रस थांबवल्याचा किती, हे वेगळं करून सांगता येणार नाही. पण काका परत आले तेव्हा खिशातून एक संत्रं काढून म्हणाले, "मॅडम, आमचं औषध." मी म्हटलं, "औषध नाही काका, फळ आहे. फळासारखंच खा."

थोडक्यात

- चरबी आणि मैदा-साखर भरपूर असलेल्या जेवणानंतर काही तास रक्तात सौम्य दाह वाढतो.
- संत्र्याच्या रसाने तो थोपतो, असं निरोगी लोकांवरच्या छोट्या प्रयोगात दिसलं आहे. त्यात रस जवळपास तीन पेले होता आणि जेवण एकच.
- मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स किंवा किडनीचा आजार असेल तर रोजच्या रसाने नुकसान होऊ शकतं.
- अख्खं फळ, तंतू असलेलं ताट, जेवणानंतर चालणं आणि पुढचं जेवण हलकं, हा मार्ग जवळपास सगळ्यांना चालतो. किडनीचा आजार असेल तर फळंही डॉक्टरांना विचारूनच घ्या.
- मोबाइलवर आलेला उपाय सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. विचारायला संकोच करू नका.

*या लेखातली माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. औषधं किंवा पथ्य बदलण्याआधी तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*